बंदरातील मुक्काम आणि नगरीचा आस्वाद : जलप्रवासवर्णनाविषयी एक विचार

१

प्रवासवर्णनाचा विचार ललित गद्याचा एक प्रकार म्हणून करावयाचा, ही पद्धत आपल्याकडे आता रूढ झाली आहे. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) यांसारख्या ग्रंथांनी मराठी वाचकाची जी अभिरुची घडविली, तिच्याशी सुसंगत असाच दंडक टीकेनेही स्वीकारला. लेखकाचे व्यक्तिमत्त्व हा प्रवासवर्णनाचा प्राण. स्थळ हे केवळ निमित्त. माहिती देणारा ग्रंथ कोणालाही लिहिता येईल, परंतु स्थळाला स्वतःच्या मनाचा रंग देणारा लेखक विरळा, असे आपण वर्गांतून सांगत आलो आहोत. हा दंडक खोटा नव्हे. तथापि तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादावयाचे आहे.

या प्रतिपादनासाठी प्रवासाचा एक विशिष्ट प्रकार निवडला आहे. युरोपातील जुन्या बंदरांना क्रमाने भेट देत जाणारी आगबोट. तिच्यावरच निजणे, तिच्यावरच जेवणे. एकेका नगरीत काही तास वा एखादा दिवस उतरून तेथील संस्कृतीचा आस्वाद घेणे आणि भोंगा वाजताच परत फिरणे. असा प्रवास करणाऱ्याला उतारू म्हणता येत नाही. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या उतारूला एडन किंवा पोर्ट सैद ही वाटेवरची ठाणी असत. त्याचे लक्ष पैलतीराकडे लागलेले असे. जलपर्यटकाला पैलतीर नसतोच. वाटेवरची ठाणी हेच त्याचे साध्य असते. म्हणूनच, आस्वादासाठी किती सहवास लागतो हा प्रश्न त्याच्या लेखनात जितक्या स्पष्टपणे उभा राहतो, तितका तो अन्य प्रवासवर्णनांत राहत नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाला काव्याच्या संदर्भात उत्तर दिलेले आहे. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याचा मनोरूपी आरसा निर्मळ झाला आहे, तोच सहृदय होय. या व्याख्येत 'अनुशीलन' हा शब्द कळीचा आहे. रसिकता ही केवळ जन्मजात देणगी नव्हे; वारंवार परत येण्याने ती सिद्ध होते. आता नगरी हीसुद्धा वाचण्याची वस्तू आहे असे मानले, तर जिथे परत येणे नाही, अनुशीलनाला अवसरच नाही, तिथे सहृदयता कशी संभवते? की जलपर्यटकाचा आस्वाद हा मुळातच आस्वादाचा आभास म्हणावा?

२

या प्रकारातील आरंभीचा आणि अजूनही वाचनीय असा एक ग्रंथ म्हणजे थॅकरेचा 'नोट्स ऑफ अ जर्नी फ्रॉम कॉर्नहिल टु ग्रँड कैरो'. पेनिन्शुलर अँड ओरिएंटल कंपनीने थॅकरेला हा प्रवास फुकट घडविला. १८४४ च्या ऑगस्टमध्ये तो साउदॅम्प्टनहून निघाला आणि व्हीगो, लिस्बन, कादिझ, जिब्राल्टर, माल्टा व अथेन्स करीत पुढे पूर्वेस गेला. ग्रंथ १८४६ साली 'टिटमार्श' या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेतच लेखक मौजेने सांगतो की, ओडिसिअसने दहा वर्षांत जितकी माणसे आणि नगरे पाहिली, तितकी कंपनीच्या कृपेने आता दोन महिन्यांत पाहता येतात. विनोद म्हणून हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. वस्तुतः ग्रंथाचे सारे सौंदर्यशास्त्र त्यात आहे. काळ आटला आहे आणि आपल्याला त्याची जाणीव आहे, हे लेखकाने आरंभीच कबूल करून टाकले आहे.

लिस्बनच्या प्रकरणात ही कबुली अधिक स्पष्ट होते. ज्याला नगरीत एकच दिवस मिळाला आहे, त्याच्या मागे तेथील प्रमुख प्रेक्षणीय स्थळे पाहण्याचे कर्तव्य एखाद्या अंधश्रद्धेसारखे लागते, अशी थॅकरेची तक्रार आहे. त्या कर्तव्यापोटी तो साँ रोक या चर्चमध्ये जातो. तेथील जडावाचे चित्रकाम प्रसिद्ध आहे. ते कोणत्या तरी राजाने कितीतरी पैसे मोजून विकत घेतले, परंतु राजा कोणता आणि किंमत किती हे आपणास ठाऊक नाही, असे तो सरळ सांगतो.

थॅकरेची ही प्रामाणिकता लोभस आहे. मार्गदर्शिकेतून राजाचे नाव उतरून घेणे त्याला अवघड नव्हते. न जाणलेले जाणल्याचा आव त्याने आणला नाही. म्हणून त्याचे अज्ञानही वाचकाला स्नेहाने सामील करून घेते. व्यक्तिमत्त्वाचा दंडक येथे पूर्णपणे लागू पडतो आणि त्या दंडकानुसार हा उतारा उत्तम ठरतो.

परंतु आता त्या चर्चमधील वस्तूकडे वळावे. तो राजा म्हणजे पोर्तुगालचा पाचवा जुआंव. त्याने १७४२ साली साँ रोकसाठी संत जॉन बाप्टिस्ट याच्या नावाचे एक उपासनागृह करविले. त्याचा आराखडा लुईजी व्हानव्हितेल्ली आणि निकोला साल्व्ही यांनी केला. ते लिस्बनमध्ये नव्हे, रोममध्ये बांधले गेले. पोपने तेथे त्यात प्रार्थना केली. मग सारे बांधकाम सुटे करून १७४७ साली तीन जहाजांतून लिस्बनला आणण्यात आले आणि चर्चमध्ये पुन्हा जुळविण्यात आले. पुढे १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बनचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, त्यातून हे चर्च बचावले.

म्हणजे असे की, जहाजातून आलेला एक प्रवासी जहाजातून आलेल्या एका वस्तूसमोर उभा होता. फरक इतकाच की वस्तू उतरली आणि राहिली. प्रवासी उतरला आणि गेला. बंदरनगरीच्या संस्कृतीचे मर्म नेमके याच फरकात आहे आणि ते थॅकरेच्या नजरेखालून निसटले. यात त्याचा दोष किती हा प्रश्न वेगळा. परंतु त्याच्या गद्याचे माधुर्य ही उणीव झाकते, भरून काढत नाही, हे टीकेने नोंदविले पाहिजे.

येथे आपल्या परिचयातील एक उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ज्या संगमरवरी समाधीवर ठेवलेले आहेत, ती समाधी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याची देणगी होय. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराने ती फ्लॉरेन्समध्ये घडविली आणि १६९८ साली ती गोव्यात उभी राहिली. तीही समुद्रमार्गेच आली. आज तिला कोणी फ्लॉरेन्सची म्हणत नाही. ती गोव्याची झाली आहे. बंदरात जिला आपण 'स्थानिक' संस्कृती म्हणतो, ती बहुधा अशी आलेल्या आणि राहिलेल्या गोष्टींची थरांवर थर चढून झालेली असते. शेतकरी गावाच्या संस्कृतीला लावावयाची फूटपट्टी तिला लावता येत नाही.

३

दुसरा ग्रंथ मार्क ट्वेनचा 'दि इनोसंट्स अब्रॉड' (१८६९). 'क्वेकर सिटी' ही आगबोट ८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून निघाली. अमेरिकेतून निघालेल्या संघटित सागरी सहलींपैकी ही अगदी आरंभीची. दर माणशी भाडे १,२५० डॉलर होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून ट्वेन या सहलीवर होता. त्याने धाडलेल्या पत्रांतूनच पुढे ग्रंथ सिद्ध झाला. पहिल्याच प्रकरणात त्याने सहलीचा छापील कार्यक्रम जसाच्या तसा दिला आहे. कोणत्या बंदरात काय पाहावयाचे हे प्रवास सुरू होण्यापूर्वीच ठरलेले आहे. त्यानंतरचा ग्रंथ म्हणजे त्या कार्यक्रमाशी घातलेली हुज्जत होय, असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपकडे वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर ते कसे दिसेल, हे दाखविण्याचा आपला हेतू असल्याचे ट्वेन सांगतो. आधीच्या लेखकांनी ठरवून दिलेली भक्ती त्याला अमान्य आहे. जिनोआमधील प्रसंग सर्वश्रुत आहे. वाटाड्या मोठ्या अभिमानाने कोलंबसच्या हातचे पत्र आणि त्याचा अर्धपुतळा दाखवितो. ट्वेन आणि त्याचे सोबती चेहरा निर्विकार ठेवून विचारतात की, हा गृहस्थ वारला आहे काय? उसन्या आस्वादाची इतकी नेमकी चेष्टा क्वचितच झाली असेल. अनुशीलन नसता अनुशीलनाचे शब्द तोंडी असणे हा खोट्या सहृदयतेचा प्रकार ट्वेनने उघडा पाडला, ही त्याची मोठी वाङ्मयीन कामगिरी.

परंतु स्वतःचे डोळे म्हणजे निर्मळ डोळे नव्हेत. अझोर्स बेटांपैकी फायाल येथे ट्वेन उतरतो, तेव्हा तेथील गरीब पोर्तुगीज लोकांविषयी तो ज्या तुच्छतेने लिहितो, ती कोणत्याही मार्गदर्शिकेतून आलेली नाही. ती त्याची स्वतःचीच आहे. थॅकरेच्या ग्रंथातील ज्यूंविषयीचे उद्गारही असेच आज वाचवत नाहीत. उसनी नजर टाकून दिली की मागे उरते ती बऱ्याचदा न तपासलेली नजर असते. तिची तपासणी व्हावयाची तर नगरीने उलट प्रश्न विचारले पाहिजेत, आणि काही तासांच्या मुक्कामात नगरीला तोंड उघडण्याची संधीच मिळत नाही. 'व्यक्तिमत्त्व' हा दंडक एकटा का पुरत नाही, याचे उत्तर येथे मिळते. ट्वेनपाशी व्यक्तिमत्त्वाची वाण नव्हती. वाण होती ती त्या व्यक्तिमत्त्वाला अडविणाऱ्या अनुभवाची.

असा अडविणारा अनुभव ग्रंथात एकदा येतो, आणि तोच या ग्रंथाचा कळस आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पिरेअस बंदरात बोट पोहोचते, तेव्हा अकरा दिवस क्वारंटाइनमध्ये काढल्याविना कोणालाही उतरू दिले जाणार नाही, असे कळते. बोट काही तास थांबून पुढे जाणार असते. अॅक्रोपोलिस समोर दिसत आहे आणि कार्यक्रम कोलमडला आहे. रात्री ट्वेन आणि तिघे सोबती चोरून किनाऱ्यावर उतरतात, कायदा मोडून अंधारातून अथेन्सपर्यंत चालत जातात, पहारेकऱ्यांना वश करून आत शिरतात आणि चांदण्यात पार्थेनॉन पाहतात. येथे चेष्टा थांबते. वाटाड्या नाही, सहप्रवाशांचा घोळका नाही, आणि मुख्य म्हणजे ही भेट कोणी आखून दिलेली नाही. पाय दुखवून, भीती बाळगून, वाटेवरच्या मळ्यातील द्राक्षे चोरून ती मिळविलेली आहे. गद्याची लयच बदलते. वाक्ये शांत होतात. आस्वादाला किंमत मोजावी लागते हे सूत्र ट्वेनने कोठेही मांडलेले नाही. ते त्याच्या शैलीने सिद्ध केले आहे.

या प्रसंगात आणखी एक अर्थ दडलेला आहे, आणि तो क्वारंटाइन या संस्थेच्या इतिहासात सापडतो. रागूझा म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक. या बंदराने १३७७ साली नियम केला की, साथीच्या प्रदेशातून आलेल्याने तीस दिवस नगरीबाहेर काढल्याखेरीज आत पाऊल ठेवू नये. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस' या संख्येवरून हा शब्द जगभर गेला. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर यासाठी कायमचे रुग्णालय स्थापिले. हेतू आरोग्याचा होता, आस्वादाचा नव्हे. तरीही बंदरांच्या स्वभावाविषयी ही संस्था काही सांगते. परक्याचे स्वागत करणे हा बंदराचा धंदाच; पण त्या स्वागताला एक उंबरठा होता आणि तो काळाचा होता. बंदर परक्याकडे वेळ मागत असे. जलपर्यटनाने हा उंबरठा पुसून टाकला. पिरेअसला तो अवचित आडवा आला, आणि जो त्याला अडखळला त्याच्याच हातून एक उत्कृष्ट प्रकरण लिहिले गेले.

ओडेसाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे पाहण्यासारखे काहीच नव्हते म्हणून ट्वेन खूष होता. कर्तव्य नाही, वाटाड्या नाही, रस्त्यांतून भटकावे आणि आइस्क्रीम खावे. नगरी त्याला थेट अमेरिकेतील एखाद्या शहरासारखी वाटली. हे निरीक्षण अचूक आहे. मात्र ते असे का, हा प्रश्न त्याने विचारला नाही. १७९४ साली स्थापन झालेल्या ओडेसाची उभारणी नेपल्समध्ये जन्मलेल्या दे रिबासने आरंभिली, रिशल्य या फ्रेंच सरदाराने तिला आकार दिला. ग्रीक, इटालियन, ज्यू असे नाना लोक तेथे येऊन वसले. अमेरिकेप्रमाणेच तीही आलेल्यांनी वसविलेली नगरी होती. ट्वेनच्या मनाने खूण ओळखली, बुद्धीने ती सोडून दिली. ज्या नगरीत प्रेक्षणीय असे काही नाही म्हणून तो निश्चिंत होता, तिचा ऐतिहासिक भाग २०२३ च्या जानेवारीत, युद्ध चालू असताना, युनेस्कोने संकटग्रस्त जागतिक वारशाच्या यादीत घातला. काही नाही असे वाटणे आणि काही नसणे यांतले अंतर किती मोठे असते, हे यावरून ध्यानी यावे.

४

या दोन ग्रंथांसमोर तिसरा ठेवावयाचा तो जॅन मॉरिस यांचा 'त्रिएस्ते अँड द मीनिंग ऑफ नोव्हेअर' (२००१). हे जलपर्यटनाचे वर्णन नव्हे आणि तुलनेसाठी तो म्हणूनच उपयोगी आहे. मॉरिस त्रिएस्तेला प्रथम आल्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सैन्यातून. त्यानंतर अर्धशतकभर त्या तेथे पुन्हा पुन्हा जात राहिल्या, आणि वयाची पंचाहत्तरी आली तेव्हा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अभिनवगुप्ताचे अनुशीलन नगरीच्या बाबतीत घडले तर कसे दिसेल, याचा हा नमुना होय.

त्रिएस्तेला १७१९ साली मुक्त बंदराचा दर्जा मिळाला आणि हॅब्सबर्ग साम्राज्याचे ते समुद्रद्वार बनले. सर्बियन आणि ग्रीक व्यापाऱ्यांनी आपापली चर्च बांधली, ज्यूंनी आपले भव्य प्रार्थनामंदिर उभारले. जेम्स जॉइस तेथे इंग्रजीच्या शिकवण्या करीत राहिला. त्याच्या शिष्यांपैकी एक व्यापारी पुढे इटालो स्वेव्हो म्हणून विख्यात झाला. १९१८ साली साम्राज्य मोडले आणि बंदराचे प्रयोजनच संपले. १९४७ ते १९५४ या काळात ते कोणत्याच राष्ट्राचे नव्हते. 'कोठेच नसणे' ही मॉरिस यांची कल्पना या इतिहासातून निघते. लेखिकेच्या लहरीतून नव्हे. तिच्यात स्वतःच्या वार्धक्याचा, विरहाचा, कोठलेही न होण्याचा स्वर मिसळतो तो नंतर. व्यक्तिमत्त्व येथेही आहे, किंबहुना तिन्ही ग्रंथांत सर्वाधिक आहे. पण ते नगरीवर पांघरलेले नाही, नगरीने घडविलेले आहे.

यावर असा आक्षेप येईल की, मग चांगले प्रवासवर्णन लिहिण्यास अर्धशतक लागते, असे म्हणावयाचे काय? सर्वांनाच त्रिएस्तेत फेऱ्या मारणे शक्य नाही. लॉइड त्रिएस्तिनोच्या आगबोटी विसाव्या शतकात मुंबईला लागत असत, त्यांतून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी युरोप पाहिला तो सुट्ट्यांतच. त्यांच्या अनुभवाला मोल नाही काय?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पिरेअसच्या रात्रीने दिलेले आहे. ट्वेन अथेन्समध्ये काही तासच होता. मुक्काम अल्प असणे हा दोष नव्हे. मुक्काम अल्प असल्याचा विसर पडणे हा दोष होय. थॅकरेला तो विसर पडला नाही, म्हणून तो वाचनीय राहिला. परंतु त्याने ती जाणीव गोडीगुलाबीने मिटवून टाकली. स्मर्ना बंदराविषयी लिहिताना तर तो पूर्वेतील पहिल्या दिवसाचे नवल पुढे कधी परत येत नाही, असाच सिद्धान्त मांडतो. पहिला धक्का हाच आस्वाद, पुनर्भेट ही निराशा. अनुशीलनाच्या तत्त्वाशी याचा उभा विरोध आहे. हा सिद्धान्त मान्य केला की एका बंदरातून दुसऱ्या बंदराकडे धावत राहणे हेच तर्कसंगत ठरते. आजचे सारे जलपर्यटन नकळत थॅकरेच्या त्या सिद्धान्तावर उभे आहे.

५

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा राहिलेला नाही. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते; २०२२ साली ही संख्या ५०,००० च्या खाली गेली. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या पर्यटन-नौकांना सान मार्को समोरील पाण्यात आणि ज्युदेक्का कालव्यात मज्जाव करण्यात आला. त्यांतील काही मग त्रिएस्तेकडे वळल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये, एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसविण्यात आले. लोकसंख्येच्या ऱ्हासाला महागाई, घरांची टंचाई, भरतीचे पाणी अशी अनेक कारणे आहेत. सारा दोष नौकांवर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि जेथे येणाऱ्यांची संख्या वाढते आणि राहणाऱ्यांची घटते, तेथे नवा थर चढणे थांबते, एवढे निश्चित. व्हेनिसने एके काळी परक्याकडे चाळीस दिवस मागितले. २०२४ साली तिने पाच युरो मागितले. उंबरठा पुन्हा बांधण्याचा हा प्रयत्न आहे. मात्र तो काळाचा नाही, पैशाचा आहे.

प्रवासवर्णनाच्या टीकेने यातून काय घ्यावे? माझ्या मते तिने लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्यास शिकले पाहिजे. या ग्रंथात नगरीने लेखकाला कोठे अडविले? त्याची ठरलेली नजर, ठरलेला कार्यक्रम, ठरलेली चेष्टाही, कोणत्या क्षणी निरुपयोगी ठरली? असा एकही क्षण ज्या ग्रंथात नाही, तो कितीही खुमासदार असला तरी तो बोटीवरच लिहिला गेला असे समजावे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेतील प्रवासवर्णनांना हा प्रश्न अवश्य लावून पाहावा. आपल्या आवडत्या ग्रंथांपैकी काही त्यातून उतरतील, काही उतरणार नाहीत. आणि न उतरलेल्यांवरचे आपले प्रेम कमी होण्याचेही कारण नाही. थॅकरेवरचे तरी कोठे कमी झाले आहे? मात्र प्रेम कशावर आहे, नगरीच्या दर्शनावर की सोबतीच्या गोडीवर, हे आपणास नीट कळलेले असेल.

साँ रोकमधील ते उपासनागृह अद्याप जागच्या जागी आहे. ते तेथे परके म्हणूनच आले होते.